लंगडी कोंबडी कुठलं खाद्य निवडते?

ब्रॉयलर कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात म्हणून त्या दीड महिन्यात एवढ्या फुगतात, हा व्हॉट्सॲप फॉरवर्ड काही केल्या मरत नाही. अहो, मोठ्या शेडमध्ये २०-२५ हजार पक्षी असतात, एकेकाला धरून टोचत कोण बसणार? आणि ग्रोथ हार्मोन म्हणजे प्रोटीन, खाद्यात कालवलं तर पोटात पचूनच जाईल. खरं कारण साधं आहे, आणि मला विचाराल तर इंजेक्शनपेक्षा वाईट आहे. पिढ्यानपिढ्या जास्त वाढणाऱ्याच पक्ष्यांची निवड करून वाणच तसा केलाय. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांची पिल्लं एकच खाद्य देऊन वाढवली, २०१४ मध्ये निकाल छापला. ५६ व्या दिवशी वजनं भरली साधारण ९०० ग्रॅम, १.८ किलो आणि ४.२ किलो!

आता एवढं धूड पेलायचं कुणी, तर पायांनी. हाडाच्या टोकाशी कूर्चा असते, तिचं पक्कं हाड व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात वरून वजन येऊन बसतं. मग हाडं वाकतात, सांधे सुजतात, काहींच्या हाडात जंतू शिरतात आणि पक्षी लंगडायला लागतो.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं की लंगडते म्हणजे दुखतंच कशावरून? प्रश्न वाटतो तेवढा मूर्ख नाही. इजा टिपणारी चेतातंतूंची टोकं, म्हणजे नोसिसेप्टर, पक्ष्यांमध्ये आहेत हे माहितीय, पण नोसिसेप्टर पेटला म्हणजे वेदना जाणवलीच असं नसतं, गरम तव्याला बोट लागलं की हात मागे येतो तो मज्जारज्जूच्या पातळीवर, दुखल्याचं कळतं ते नंतर. त्यामुळे नुसतं लंगडणं बघून काही सिद्ध होत नाही. सुजलेल्या जागी कॉक्स नावाचं एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतं, त्यानं नोसिसेप्टरचा उंबरठा खाली येतो, म्हणजे एरवी ज्या दाबाला तो गप्प बसला असता त्याच दाबाला आता मेंदूकडे सिग्नल पाठवत राहतो. कार्प्रोफेन हे जनावरांचं वेदनाशामक त्या कॉक्सलाच अडवतं.

मग ब्रिस्टल विद्यापीठातल्या मंडळींनी काय केलं (२००० सालचा पेपर), लंगड्या आणि धडधाकट ब्रॉयलरना दोन रंगांचं खाद्य दिलं, एकात कार्प्रोफेन. कुठला रंग कुठला हे पक्ष्यांना आधी शिकू दिलं आणि मग दोन्ही समोर ठेवून निवड त्यांच्यावर सोडली. लंगड्यांनी औषधाचं खाद्य धडधाकटांपेक्षा जास्त खाल्लं, आणि लंगडेपणा जितका जास्त तितका औषधाचा वाटा जास्त! नुसती चव आवडली असती तर धडधाकटांनीही तेवढंच खाल्लं असतं. आणि ही तव्यावरून हात मागे घेण्यासारखी आपोआप होणारी क्रिया, म्हणजे रिफ्लेक्स, नाही, कारण रंग लक्षात ठेवून भांडं निवडणं मज्जारज्जूला जमत नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका प्रयोगात लंगड्या कोंबड्यांना अडथळे पार करायला सरासरी ३४ सेकंद लागायचे, कार्प्रोफेन दिल्यावर १८. नंतर एका प्रयोगात औषध निवडण्याचा हा कल दिसला नाही हेही सांगायला हवं, पण मला तरी एकूण पुरावा एका बाजूला झुकलेला वाटतो.

आणि म्हणूनच कोंबड्यांच्या हालांबद्दल नुसत्या पिंजऱ्यांवर चाललेली चर्चा मला अपुरी वाटते. युरोपियन युनियननं २०१२ पासून अंड्यांच्या कोंबड्यांचे जुने बॅटरी पिंजरे (रांगेनं लावलेले अरुंद पिंजरे) बंद केले, छान केलं, पण मांसाचा ब्रॉयलर तर बहुतेक ठिकाणी मोकळ्या शेडमध्येच असतो, त्याचा पिंजरा त्याच्या अंगातच आहे. त्याच्या आईबापांचं तर आणखीच विचित्र. त्यांना पिल्लांसाठी जास्त दिवस जगवायचं असतं, आणि पोटभर खाऊ दिलं तर ते इतके जड होतात की अंडी घटतात, पक्षी दगावतात. म्हणून वाढीच्या वयात त्यांना मनाजोगतं मिळालं असतं त्याच्या साधारण पाव ते निम्मंच खाद्य देतात. राक्षसी भूक आपणच निवडून निवडून वाढवली, आणि ती भागवायची मात्र नाही. हे पक्षी रिकाम्या भांड्यावर चोची मारत राहतात, येरझाऱ्या घालतात, गरजेपेक्षा जास्त पाणी पितात.

हळू वाढणारे वाण आहेत, नेदरलँड्समध्ये सुपरमार्केटं ताज्या चिकनसाठी तिकडे वळलीही. फक्त तेवढ्याच मांसाला खाद्य जास्त, दिवस जास्त, जमीन जास्त लागते, म्हणजे चिकन महाग आणि पर्यावरणावर भारही जास्त. कोंबडीचे पाय वाचवायचे आणि आपलं चिकन खाणंही तेवढंच ठेवायचं, हे दोन्ही एकदम कसं जमायचं ते मला अजून कुणी नीट दाखवलेलं नाही.