मोडलं नडगीचं हाड, तपासला तळवा

मागच्या गळीत हंगामात ऊस भरताना आमचे अण्णा ट्रॉलीवरून पडले. नडगीचं हाड मोडलं. मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, शुगर किती वर्षांची ते विचारलं आणि मग नायलॉनचा एक बारीक तंतू अण्णांच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवत राहिले. ‘लागतंय का?’ डोळे मिटून बसलेले अण्णा तीन ठिकाणी गप्पच राहिले. मोडलेल्या नडगीशी तळव्याचा काय संबंध, हे शोधता शोधता मी दीडशे वर्षं मागे गेले.

१८६८ साली पॅरिसमध्ये मज्जासंस्थेचे डॉक्टर शार्को यांनी मज्जारज्जूचा आजार जडलेल्या रुग्णांचे सांधे फारशा वेदनेविना ढासळताना नोंदवले. नसांचा, म्हणजे चेतातंतूंचा, आधार सुटला की हाडही खचतं, असं त्यांचं म्हणणं. विरोधकांचा मुद्दाही साधा होता: दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि सांधा चेचला जातो. वाद लांबला. मधुमेहानेही नसा बधिर होतात; मधुमेह्यांच्या अशा पायाला आजही शार्कोंचंच नाव आहे.

रोगप्रतिकारशक्तीची गोष्ट दुसरीकडेच घडत होती. १८८२ साली प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि काट्याभोवती पेशी धावून आलेल्या पाहिल्या. मोडलेल्या हाडाभोवती रक्त साकळतं, तिथेही अशाच भक्षक पेशी येतात, मेलेला भाग साफ करतात आणि हाड घडवणाऱ्या पेशींना हाक देतात. ती सूज म्हणजे कामाची सुरुवात असते. तरी हाडांचे आणि प्रतिकारशक्तीचे अभ्यासक आपापल्या वाटेने चालले होते. १९९७-९८च्या सुमारास दोघांच्या हाती एकच रेणू लागला, रँक-लिगँड: प्रतिकारशक्तीच्या पेशीही तो बनवतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशी त्याच्याच इशाऱ्यावर घडतात. २००० साली या सामाईक शाखेला ‘ऑस्टिओइम्युनॉलॉजी’ हे नाव मिळालं.

नसांचा धागा मात्र अजून सुटाच होता. शास्त्रज्ञ रीता लेव्ही-माँताल्चिनी यांना ज्या चेतावर्धक घटकासाठी, म्हणजे नसा वाढवणाऱ्या प्रथिनासाठी, १९८६चं नोबेल मिळालं, तोच घटक मोडलेल्या जागी सुजेतल्या पेशी तयार करतात. मग संवेदनेच्या नसांना तिथे नवे फाटे फुटतात. २०१९ साली उंदरांवरच्या प्रयोगात या घटकाचा नसांना जाणारा निरोप अडवला, तेव्हा नसा कमी आल्या, रक्तवाहिन्या कमी फुटल्या आणि हाड नीट भरलं नाही. मला तर वाटतं, शार्कोंच्या म्हणण्याला इथे खरं वजन आलं. सूज बोलावते, नसा येतात, मागोमाग रक्त येतं.

अण्णांचं हाड जुळायला सात महिने लागले. दर खेपेला एक्स-रेच्या आधी तो तंतू तळव्याला टेकायचा.