सोलापुरात दुचाकी शिकताय? लर्निंगचा फॉर्म भरण्याआधी गाडी आणि गुरू ठरवा

लर्निंगचा फॉर्म भरून घ्यायला कोणी आलं की मी आधी विचारतो, "गाडी कुठली शिकणार?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "आधी लायसन्स तर निघू द्या, मग बघू." पुढच्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात. फॉर्ममध्ये वाहनाचा कोणता प्रकार निवडायचा, शिकताना मागे कोण बसू शकतं, टेस्टला कुठली गाडी न्यायची, आणि वेळ आलीच तर विमा कंपनी पैसे देणार की नाही, हे सगळं कोणत्या गाडीवर आणि कोणाकडे शिकणार यावर ठरतं. म्हणून ते आधी ठरवा. फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो.

गिअरची की बिनगिअरची

सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर दुचाकीचे दोन प्रकार दिसतात, विना गिअर आणि गिअरसह. घरात स्कूटर आहे म्हणून मुलगी विना गिअरवर टिक करते. वर्षभरात नोकरी लागते, भावाची स्प्लेंडर रिकामी असते, ती घेऊन निघते आणि सात रस्ता चौकात पोलीस अडवतात. लायसन्स खिशात असूनही ते त्या गाडीसाठी नसतं. मग गिअरचा प्रकार वाढवून घ्यायचा तर पुन्हा लर्निंग, पुन्हा ३० दिवस, पुन्हा टेस्ट, पुन्हा फी.

माझं मत असं की घरात एखादी जरी गिअरची गाडी असेल, किंवा पुढे येण्याची शक्यता असेल, तर महिनाभर क्लचशी झटापट करा आणि गिअरचंच काढा. ते असलं की स्कूटर चालवायला अडचण येत नाही. ज्यांना आयुष्यभर स्कूटरच चालवायची आहे, विशेषतः वयाच्या चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा शिकणाऱ्या बायका, त्यांनी मात्र कोणाचं ऐकून गिअरच्या मागे लागू नये.

बॅटरीची स्कूटर विना गिअरमध्येच येते. दुकानदार "याला लायसन्स लागत नाही" म्हणाला तर मोटरची ताकद विचारा. २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची असेल तरच ते खरं. त्यापेक्षा जास्त धावणाऱ्या गाडीला लायसन्स, नोंदणी, विमा सगळं लागतं.

सोळा वर्षांचा नियम

दर वर्षी दहावीचा निकाल लागला की पालक येतात. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं असं कोणीतरी सांगितलेलं असतं. मिळतं, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या विना गिअर गाडीसाठी आणि पालकांच्या लेखी संमतीने. आता ५० सीसीची गाडी दाखवा. ॲक्टिव्हा ११० सीसीच्या आसपास आहे. शेतावर दूध आणायला वापरतात ती एक्सएलसुद्धा १०० च्या घरात. कायद्यात नियम आहे, दुकानात गाडी नाही, आणि हा नियम काळाप्रमाणे बदलावा असं कोणाला वाटत नाही. व्यवहारात १८ पूर्ण हेच धरून चाला.

हे ताणून सांगण्याचं कारण म्हणजे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. "शेजारच्या गल्लीत तर गेला होता" हे कोर्टात चालत नाही.

कोणाकडे शिकायचं

घरी शिकायला कायद्याची ना नाही. दुचाकीच्या खासगी लायसन्सला ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही. कोणी "क्लास लावल्याशिवाय अर्जच स्वीकारत नाहीत" म्हणालं तर तो त्याचा धंदा समजा.

पण घरी शिकताना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ लागतो, आणि तो फार थोड्यांनी वाचलेला असतो. लर्निंग हातात हवं. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच. सोबत त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, तोही गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला. मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाचा हात ब्रेकपर्यंत कसा पोचणार, हे नियम लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं. तरी नियम तसा आहे. आणि शिकवणारा सोडून दुसरं कोणीही मागे बसवता येत नाही. मैत्रीण नाही, आई नाही, भाजीच्या पिशव्यांसकट आलेली मावशीही नाही.

हे कागदी वाटतं, पण विमा पॉलिसीत चालकाविषयीचं कलम वाचा. लर्निंगवाल्याने गाडी चालवली तर चालते, पण नियम ३ पाळलेला असेल तर, असं तिथे स्पष्ट छापलेलं असतं. एल नाही, मागे लायसन्स नसलेला मित्र, आणि कोणाला धडक बसली, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते.

आता क्लासचं. मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलकडे आरटीओने नमुना ११ मध्ये दिलेला परवाना असतो. तो भिंतीवर दिसला नाही तर मागा. खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवण्याचे तास किमान १० असावेत असं नियमात आहे. हे तास नमुना १५ च्या रजिस्टरमध्ये लिहायचे असतात. पैसे भरण्याआधी तेवढं एकच विचारा, "पंधरा नंबरचं रजिस्टर ठेवता का?" समोरच्याच्या चेहऱ्यावरून क्लास कळतो. कारच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. दुचाकीला ती अट लागू नाही, म्हणजे इथे शिकवणाऱ्याचा संयम हाच दुसरा ब्रेक.

जुळे सोलापूर, होटगी रोड भागात बायकांना स्कूटर शिकवणाऱ्या बायका आहेत. घरगुती क्लास, परवाना नाही, पण शिकवतात मनापासून. माझा त्यांना विरोध नाही, उलट नवऱ्याकडे शिकताना जे ओरडून घ्यावं लागतं ते इथे टळतं. फक्त दोन गोष्टी पाहा. त्या ताईंकडे पक्कं लायसन्स आहे का, आणि तुमचं लर्निंग निघालंय का. "पहिले आठ दिवस लर्निंगशिवाय चालतं" असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे जा.

मैदानाचा गैरसमज

"रस्त्यावर नाही, होम मैदानावर शिकवतोय." हे वाक्य ऐकून कान किटले. कायद्यातली सार्वजनिक जागा म्हणजे फक्त रस्ता नाही. जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते, मग ती रहदारीची असो वा नसो. लर्निंग नसेल तर मैदानही तेवढंच बेकायदा. आणि संक्रांतीच्या सुमारास तिथे सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरतो, तेव्हा सरावाचा प्रश्नच नाही. सरावाला सकाळी साडेसहाची वेळ बरी, एमआयडीसीचे रस्ते रविवारी मोकळे असतात. उसाच्या हंगामात मात्र नव्या माणसाने होटगी, अक्कलकोट रोडला ट्रॉल्यांच्या मधे शिरू नये.

कागदपत्रं

जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे लर्निंग घरबसल्या मिळतं. ऐकायला सोपं. अडतं ते आधारवरच.

मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही, म्हणजे पहिल्याच पानावर गाडी बंद. त्यासाठी आधी आधार केंद्र. पंधराव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक अपडेट राहिलं असेल तर आधारवर आठ वर्षांच्या पोराचा फोटो असतो, आणि तोच लायसन्सकडे जातो. तेही आधी करून घ्या.

नावाचा घोळ आपल्याकडे जरा जास्तच. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत शाळेच्या दाखल्यावर व्यंकटेशम, आधारवर व्यंकटेश, बँकेत आणखी काहीतरी. आडनाव कुठे आधी तर कुठे शेवटी. आधारच्या मार्गाने गेलात तर आधारवरचंच नाव लायसन्सवर येणार, म्हणून ते दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून मगच अर्ज करा. लायसन्स निघाल्यावर नाव दुरुस्त करणं हा वेगळा अर्ज आणि वेगळी फी.

इंडी, कलबुर्गी, आळंद इकडून शिकायला आलेल्या मुलांचा प्रश्न पत्त्याचा. आधार कर्नाटकचं, राहणं सोलापुरात. कायद्याने, जिथे सध्या राहता किंवा जिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणार, त्या राज्यात अर्ज करता येतो. पण सोलापूरच्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि खोलीमालक भाडेकरार करत नाही. हा कोणाकडेच नसलेला कागद. त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम ४ मध्ये यावर वाट आहे. ठरलेल्या कागदांपैकी एकही देता येत नसेल तर कारण देऊन कार्यकारी दंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र मान्य करता येतं. मान्य करणं अधिकाऱ्याच्या हातात आहे, म्हणून नियमाचा क्रमांक लिहून घेऊन जा. विडी कामगार बायकांपैकी ज्यांच्याकडे जन्माचा दाखलाही नाही नि शाळेचाही नाही, त्यांनाही हीच वाट.

वयाची ४० वर्षं पूर्ण झाली असतील तर नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. दवाखान्याच्या लेटरहेडवर "तब्येत ठणठणीत" असं लिहून आणलेला कागद परत येतो. चाळिशीच्या आतल्यांना नमुना १ मधलं स्वतःचं घोषणापत्र पुरतं.

लर्निंगची फी प्रत्येक प्रकाराला १५० रुपये, परीक्षेचे ५०. पुढे टेस्टचे ३०० आणि लायसन्सचे २००, वर कार्ड-टपालाचं जे पोर्टल दाखवेल ते. त्यापलीकडे दिलेले पैसे कोणाच्या खिशात जातात ते तुम्हाला माहीत आहे. लर्निंगची परीक्षा १५ प्रश्नांची, ९ बरोबर आले की पास. घरून देताना "दादा बाजूला बसून उत्तरं सांगतो" हे करू नका. चिन्हं दोन संध्याकाळींत पाठ होतात.

तारखांची गफलत

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. दोन्ही मुदती लर्निंग निघाल्याच्या तारखेपासून मोजायच्या. अर्जाची किंवा पैसे भरल्याची तारीख धरू नका.

मुलं मे महिन्यात लर्निंग काढतात, जुलैत पुण्याला जातात, दिवाळीत आली की तारीख घेऊ म्हणतात. तोवर लर्निंग संपायला चार दिवस उरलेले आणि अपॉइंटमेंट पुढच्या पंधरवड्यातली. टेस्टच्या दिवशी लर्निंग जिवंत हवं. संपलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून ३० दिवस पूर्ण होताच तारीख घ्या, सराव कमी वाटला तरी.

टेस्टच्या दिवशी

विजापूर रोडला आरटीओत जाताना गाडी स्वतः एकट्याने चालवत नेऊ नका. तुम्ही अजून लर्निंगवाले आहात. पक्कं लायसन्सवाला कोणीतरी गाडी आणू दे, तुम्ही मागे बसा, दोघांनाही हेल्मेट. गाडी ज्या प्रकाराचा अर्ज त्याच प्रकारची हवी. गिअरच्या अर्जाला स्कूटर घेऊन येणारे रोज दिसतात. आरसी, विमा, पीयूसी चालू असावं. उसनी गाडी आणली की पीयूसी हमखास संपलेलं निघतं.

टेस्टमध्ये इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवायची असते; तो आठ काढताना पाय टेकला की संपलं. घाईत लोक ब्रेकवर जगतात आणि तोल जातो. अर्धा क्लच धरून, नजर पुढच्या वळणावर ठेवून, हळू फिरवा. वळताना हात दाखवायचा, आरसा बघायचा, हेही पाहतात. ज्या गाडीवर शिकलात तीच आणा. टेस्टसाठी मित्राची जड बुलेट आणणाऱ्याचं काय होतं ते मैदानावर बसून पाहण्यासारखं असतं.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. त्यात लर्निंगची मुदत खर्च होते, हे तारखांच्या हिशेबात आधीच धरा.

"क्लासचं सर्टिफिकेट आणा, टेस्टच नको" असं जून २०२४ मध्ये मोबाइलवर फिरलं होतं. केंद्राने तेव्हाच खुलासा केला होता. टेस्टमधून सूट फक्त खास मानांकन मिळालेल्या (ॲक्रेडिटेड) प्रशिक्षण केंद्रांत शिकलेल्यांना आहे, गल्लीतल्या किंवा साध्या परवान्याच्या क्लासला नाही.

पास झाल्यावर कार्ड टपालाने घरी येतं. पत्त्यात फक्त "जुळे सोलापूर" लिहिलं तर पोस्टमन तरी काय करणार, घर क्रमांक आणि जवळची खूण लिहा, नाहीतर कार्ड परत जातं. ते येईपर्यंत डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवलं तरी कायद्याने चालतं.