दारावरचं अक्षर, मांडीवरचं मूल

१९२०-३०च्या दशकांत ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांबाहेर एक दृश्य नेहमीचं होतं. मुठीत तिकिटापुरती चिल्लर धरून पोरं दाराशी घुटमळायची आणि येणाऱ्या अनोळखी माणसाला गळ घालायची, 'काका, आम्हाला आत नेता का?' आत लागलेल्या चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र असायचं. सोळा वर्षांखालच्या मुलाने असा चित्रपट आईवडिलांबरोबर किंवा त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाबरोबरच पाहायचा, असा नियम होता. पण दारावरचा माणूस नातं तपासणार कसं? कोणीतरी काका हो म्हणायचे, तिकिटं फाटायची आणि अंधारात शिरल्यावर काका एका रांगेत, पोरं दुसऱ्या रांगेत.

लहान मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, या प्रश्नाचा इतिहास मला या दृश्यात सापडतो. शंभराहून जास्त वर्षं सरकारांनी, मंडळांनी आणि निर्मात्यांनी चित्रपटांना अक्षरं आणि आकडे लावले. तरी निर्णय फिरून फिरून पालकांच्याच पदरात पडत राहिला. असं का झालं हे कळलं, की त्या अक्षरांवर किती विसंबायचं हेही कळायला लागतं.

सुरुवात स्वीडनपासून. १९११ साली तिथे देशपातळीवरचं पहिलं चित्रपट परीक्षण मंडळ उभं राहिलं. ब्रिटनमध्ये १९१२ साली चित्रपट व्यावसायिकांनी स्वतःच मंडळ स्थापन केलं आणि १९१३पासून दोन प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली : सर्वांसाठी 'यू' आणि मोठ्यांसाठी जास्त योग्य ते 'ए'. हा 'ए' सुरुवातीला निव्वळ सल्ला होता, सक्ती नंतर आली. जर्मनीने १९२०च्या कायद्यात सहा वर्षांखालच्या मुलांना चित्रपटगृहात यायलाच बंदी केली. त्या काळची मोठी धास्ती अनुकरणाची होती. पडद्यावरची चोरी आणि मारामारी बघून पोरं तेच करतील, असं लोकांना वाटे. मूल घाबरेल, रात्री झोपेतून दचकून उठेल, ही काळजी घरात आयांना नक्की असणार. पण नियम लिहिणाऱ्यांच्या यादीत ती बरीच खाली होती.

ती यादी कशी हलली, याचं एक उदाहरण १९३८ सालचं आहे. परीकथेवरचा, राजकन्या आणि सात बुटक्यांचा प्रसिद्ध अ‍ॅनिमेशनपट ब्रिटनमध्ये आला, तेव्हा मंडळाने त्याला चक्क 'ए' दिलं. चेटकीण आणि जंगलातला प्रसंग लहान मुलांना झेपणार नाही, असं परीक्षकांचं मत पडलं. गावोगावच्या कित्येक स्थानिक प्रशासनांनी ते धुडकावून आपल्या हद्दीत चित्रपट 'यू' केला. मुलांसाठीच केलेला चित्रपट मुलांना एकट्याने पाहू द्यायचा नाही, हे तेव्हा अनेकांना हास्यास्पद वाटलं. मला मात्र त्या परीक्षकांचं कौतुक वाटतं. कथा मुलांची आहे एवढ्यावर न थांबता, मूल तिच्यासमोर बसल्यावर त्याचं काय होईल याचा त्यांनी विचार केला.

असाच विचार त्याआधी काही वर्षं अमेरिकेत मोजमाप करून झाला होता. १९२९ ते १९३२ या काळात 'पेन फंड' नावाच्या निधीतून चित्रपट आणि मुलं या विषयावर संशोधनाची मोठी मालिका झाली आणि १९३३पासून ती प्रसिद्ध होऊ लागली. त्यातल्या एका प्रयोगात मुलांच्या खाटांना हालचाल नोंदवणारी यंत्रं जोडली होती. मुलं संध्याकाळी चित्रपट पाहून यायची, झोपायची आणि रात्रभर कूस बदलल्याची, तळमळल्याची नोंद कागदावर उमटत राहायची. काही चित्रपटांनंतर ही तळमळ स्पष्ट वाढलेली दिसे. दुसऱ्या प्रयोगात बोटांना तारा लावून त्वचेतला विद्युतप्रवाह मोजला. धोक्याच्या प्रसंगांना लहान मुलं सर्वांत तीव्र प्रतिसाद देत. प्रेमप्रसंगांना त्यांचा प्रतिसाद नगण्य असे, तो चढायचा सोळाच्या आसपास. मोठ्यांची सगळी करडी नजर ज्या प्रसंगांवर होती, ते बहुतांशी लहानग्यांच्या डोक्यावरून जात होते.

या संशोधनावर तेव्हाही आक्षेप घेतले गेले, आणि काही निष्कर्ष ताणलेले होते हे खरंच. पण त्यातून पालकांच्या हाती फारसं काही लागलं नाही, ही मला जास्त खटकणारी गोष्ट वाटते. १९३४पासून अमेरिकेत निर्मात्यांची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. तिचा मार्ग वेगळा होता : प्रत्येक चित्रपट मुळातच असा गाळून घ्यायचा की वयाप्रमाणे वर्गवारी करायची गरजच उरू नये. तीन दशकांहून जास्त काळ हाच खाक्या चालला.

तो मोडला १९६८ साली. १ नोव्हेंबरला अमेरिकेत जी वर्गवारी सुरू झाली, तिच्यामागे निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी होते. चित्रपट कसा असावा हे सांगणं आता बंद, त्यात काय आहे ते पालकांना आधी कळवायचं, ही त्यामागची भूमिका. वर्गवारी ठरवणाऱ्या मंडळावर पालकच बसतात आणि मंडळावर येताना त्यांची मुलं ५ ते १५ वयाची असावी लागतात. घरात लहान मूल असलेला माणूस चित्रपट वेगळ्या डोळ्यांनी बघतो, हे तिथे नियमातच धरलेलं आहे.

तरी खाचा राहिल्याच. १९८४च्या उन्हाळ्यात दोन लोकप्रिय साहसपट 'पीजी', म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावेत अशा वर्गात आले. त्यातल्या एकात माणसाच्या छातीतून हृदय काढण्याचा प्रसंग होता. आईवडिलांनी लहान मुलांना नेलं आणि ती चित्रपटगृहातच हादरली. ओरड झाली, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीच मधला एक वर्ग सुचवला आणि १ जुलैपासून 'पीजी-१३' आलं. ब्रिटनमध्ये २००२ साली '१२ए' आलं : बाराखालच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर परवानगी. आठ दशकांनी गाडी पुन्हा त्या काकांच्या दारात.

भारतात १९१८चा चित्रपट कायदा आला आणि १९२०पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे मंडळं बसली. १९५२च्या कायद्यानंतर 'यू' आणि 'ए' एवढेच दोन कप्पे बराच काळ होते. १९८३ साली मधला 'यूए' आला. त्यात बाराची रेघ होती, म्हणजे पाच वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल एकाच टोपलीत. २०२३च्या दुरुस्तीने 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन भाग केले. त्या दुरुस्तीतलं एक कलम फारसं कोणाच्या बोलण्यात येत नाही : हे वयाचे आकडे पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत, पालकांखेरीज इतर कोणी ते बजावायचे नाहीत. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला त्या आकड्यावरून दारात कोणी अडवणार नाही. अडवायचं तर आपणच.

आणि दार तरी कुठे उरलंय? व्हिडिओ कॅसेट आली तेव्हाच चित्रपट घरात शिरला. ब्रिटनने १९८४ साली कॅसेटवरच्या चित्रपटांचंही परीक्षण सक्तीचं केलं, पण घराच्या दारावर तिकीट तपासणारा कोणी नसतो. आता तर एक चित्रपट संपला की दुसरा आपोआप सुरू होतो.

या सगळ्या इतिहासात सर्वांत कमी बोललं गेलं ते सात वर्षांखालच्या मुलांच्या भीतीबद्दल. अमेरिकन संशोधक जोआन कॅन्टर यांनी १९८०च्या दशकात यावर जे काम केलं, ते प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. तीन-चार वर्षांचं मूल दिसण्यावरून घाबरतं. साधा माणूस रागावून हिरवागार राक्षस होतो, ते बदलणं त्याला सहन होत नाही. तो राक्षस चांगल्यांच्या बाजूचा आहे, हे समजावून फरक पडत नाही. थोडं मोठं मूल खरोखर घडू शकेल अशा गोष्टीला घाबरतं. १९८३ साली अणुयुद्धावरचा एक चित्रपट अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तेव्हा त्याने सर्वांत कमी अस्वस्थ झाली ती अगदी लहान मुलंच. कॅन्टर यांच्याच १९९९च्या एका अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी लहानपणी पडद्यावर पाहिलेल्या कशाची तरी भीती बराच काळ टिकल्याचं सांगितलं, आणि साधारण चौथ्या हिश्शाच्या मनात ती अजूनही होती.

माझी लेक चार वर्षांची असताना आम्ही तिला एक 'यू' चित्रपट दाखवला. मारामारी नाही, रक्त नाही. एका पिल्लाची आई हरवते, एवढंच. तिने डोळे झाकले नाहीत, दोन्ही कान घट्ट दाबून धरले. तिला संगीत ऐकवत नव्हतं. मग माझ्या मांडीवर चढून तिने माझा चेहरा स्वतःकडे वळवला आणि विचारलं, 'तिची आई येते ना शेवटी?' येते, म्हणून सांगितल्यावर तिने कान सोडले. कथेचा शेवट आधी सांगितला तर मजा जाते, हा मोठ्यांचा हिशेब. चार वर्षांच्या मुलाला शेवट माहीत असला की मधलं पाहण्याचं बळ येतं.

हे कोणत्याही एका अक्षरात कसं बसणार? १९३७ ते १९९९ या काळात अमेरिकेत 'सर्वांसाठी' ठरलेले ७४ अ‍ॅनिमेशनपट तपासणाऱ्या एका अभ्यासात हिंसेचा एकही प्रसंग नसलेला चित्रपट सापडला नव्हता. उलट स्वीडनमध्ये १९८२ साली परग्रहावरच्या पाहुण्याशी मैत्री करणाऱ्या मुलाची जगभर गाजलेली कथा अकरा वर्षांखालच्यांना बंद झाली होती. त्याच चित्रपटाला इतर देशांतली लहान मुलं खुशाल जात होती.

मला सर्वांत उपयोगाचं वाटतं ते नेदरलँड्सने २००१पासून केलेलं. तिथे वयाच्या आकड्याशेजारी छोटी चित्रं येतात : हिंसेसाठी मूठ, भीतीसाठी कोळी. भीतीला हिंसेपासून वेगळं काढून तिला स्वतःची जागा दिली. ज्याचं मूल ढिशूम-ढिशूमला हसतं पण अंधाऱ्या तळघराच्या प्रसंगाला गारठतं, त्या पालकाला तो कोळी एका नजरेत हवं ते सांगतो. माझी लेक नेमकी तशीच आहे. नवा चित्रपट लावण्याआधी मी आजही आधी तो कोळी शोधते, आणि नसला तर पहिली वीस मिनिटं एकटी बसून बघते, आवाज चालू ठेवून.