जॉन मॅक्लॉफ्लिनची रेकॉर्ड मागवताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"काका, मॅक्लॉफ्लिनची सगळ्यात भारी रेकॉर्ड कुठली? तीच द्या." काउंटरवर हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी हे पत्रक छापायचं ठरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले, तेव्हापासून त्यांच्या आणि मॅक्लॉफ्लिनच्या 'शक्ती' या बँडची चौकशी वाढली आणि तिच्यासोबत चुकीच्या ऑर्डरीही वाढल्या. गिटारवादक मॅक्लॉफ्लिन कोण, फ्यूजन (जॅझमध्ये रॉक किंवा आपलं संगीत मिसळणं) म्हणजे काय, १९६९ मध्ये अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगला बसल्यावर त्याचं नाव कसं झालं, हे आमच्या ग्राहकांना सांगावं लागत नाही. सांगायचंय ते वेगळंच.

लोक गिटारवादकाचं किंवा बँडचं नाव सांगतात आणि वर्ष सांगत नाहीत. आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

गेल्या पावसाळ्यात एका तरुण मुलाने फोनवर ऑर्डर दिली, "महाविष्णू मागवा." म्हणजे मॅक्लॉफ्लिनच्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' या बँडची रेकॉर्ड. आम्ही वहीत 'महाविष्णू' एवढंच लिहिलं. पाच आठवड्यांनी रेकॉर्ड आली. त्याने दुकानातच प्लास्टिक काढलं, ऐकायच्या खुर्चीत बसला, सुई टेकवली आणि दोन मिनिटांत त्याचा चेहरा उतरला. त्याला हवी होती १९७३ची 'बर्ड्स ऑफ फायर'. आली होती १९८४ची, जिचं नावच नुसतं 'महाविष्णू' आहे. तिच्यात व्हायोलिनच्या जागी सॅक्सोफोन आहे आणि मॅक्लॉफ्लिनची गिटार सिंक्लाव्हियर नावाच्या डिजिटल सिंथेसायझरला जोडलेली आहे, त्यामुळे कित्येक ठिकाणी ती गिटार वाटतच नाही. रेकॉर्ड वाईट नव्हती. ड्रमवर १९७३चाच बिली कोबम आहे, शेवटच्या तुकड्यात हरिप्रसाद चौरसिया आणि झाकीरभाईही आहेत. पण पाच आठवडे तो ज्या आवाजाची वाट बघत होता, तो हा नव्हता.

आम्ही विचारायला हवं होतं, हे मान्य. त्या दिवसापासून ऑर्डरवहीत बँडच्या नावापुढे वर्षाचा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही. काही जणांना ही नसती चौकशी वाटते. पण परदेशातून आलेली रेकॉर्ड आम्हाला परत पाठवता येत नाही आणि फोडलेली रेकॉर्ड दुसऱ्याला कोरी म्हणून विकणं आमच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून बँड कुठला आणि वर्ष कुठलं, हे दोन प्रश्न आधी विचारतो.

'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' या नावामागे तीन संच आहेत. पहिला १९७१ ते १९७३चा: मॅक्लॉफ्लिनसोबत ड्रमवर कोबम, कीबोर्डवर यान हॅमर, व्हायोलिनवर जेरी गुडमन, बेसवर रिक लेअर्ड. स्टुडिओत केलेल्या त्यांच्या दोनच रेकॉर्ड तेव्हा निघाल्या, 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१) आणि 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३). तिसरी लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत जून १९७३ मध्ये केली होती. पण रचना कुणाच्या घ्यायच्या यावरून आपसात बिनसलं आणि ती पडून राहिली. तिच्याऐवजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या मैफलीची रेकॉर्ड निघाली. ट्रायडेंटची टेप लोकांच्या कानावर पडायला १९९९ उजाडलं. दुसरा संच १९७४ पासूनचा: व्हायोलिनवर ज्याँ-लुक पाँटी, ड्रमवर नारद मायकेल वॉल्डन. 'अपोकॅलिप्स' ही लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबतची रेकॉर्ड यांची, आणि निर्माता बीटल्सवाले जॉर्ज मार्टिन. तिसरा संच ऐंशीच्या दशकातला, त्याची हकिगत वर आलीच. जाता जाता एवढं लक्षात ठेवा की त्या संचातला सॅक्सोफोनवादक बिल इव्हान्स आणि पियानोवादक बिल इव्हान्स ही दोन वेगळी माणसं. १९९३ मध्ये मॅक्लॉफ्लिनने ज्याच्या रचनांची अख्खी रेकॉर्ड केली, तो पियानोवाला. यावरूनही आमच्याकडे एकदा ऑर्डर चुकली आहे.

'शक्ती'तही हाच घोळ होतो. जुन्या 'शक्ती'च्या तीन रेकॉर्ड, १९७६-७७ मधल्या. व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर विक्कू विनायकराम. 'रिमेंबर शक्ती' या नावाने जे आहे ते १९९९ पासूनचं. आणि २०२३ची 'धिस मोमेंट', जिला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं आणि जिच्यात शंकर महादेवन गातात, ती तिसरीच.

आता वादांकडे येतो. शनिवारी संध्याकाळी दुकानात चार-पाच जण जमतात आणि 'इनर माउंटिंग फ्लेम' मोठी की 'बर्ड्स ऑफ फायर', यावर चहाचे दोन-दोन कप होतात. हे वाद आम्हाला मनापासून आवडतात. एक बाजू म्हणते, पहिल्या रेकॉर्डमधली धग पुन्हा आली नाही. दुसरी बाजू म्हणते, दुसरीत रचना घट्ट बसल्या आणि पाचही जणांना एकमेकांचा अंदाज आला. ज्यांना हा सगळा नुसता वेगाचा खेळ वाटतो, त्यांना आम्ही दोन्ही रेकॉर्डमधला एकेक बिनड्रमचा तुकडा लावून देतो: पहिलीतला 'अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स' आणि दुसरीतला 'थाउजंड आयलंड पार्क'. त्यानंतर वेगाची तक्रार सहसा ऐकू येत नाही.

आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा 'बर्ड्स ऑफ फायर' घ्या. कारण सांगतो. आमचे एक जुने ग्राहक, निवृत्त शिक्षक, सवाई गंधर्व महोत्सवाचं एकही वर्ष न चुकवणारे, एकदा पावसात अडकले म्हणून दुकानात बसले होते. तेव्हा या रेकॉर्डचा पहिलाच तुकडा लावला. सुरुवातीला घंटा घुमते, मग गिटारच्या तारा छेडत एक आवर्तन सुरू होतं. सरांनी सवयीने बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला घेतल्या. सोळा धरल्या, सम हुकली. पुन्हा मोजलं, पुन्हा हुकली. सुई परत मागे नेऊन ठेवायला सांगितली आणि तिसऱ्या खेपेला अठरा धरल्या. बरोबर अठराव्यानंतर सम आली आणि सरांची मान आपोआप हलली. "अरे, हे तर हिशेबातलं आहे," एवढंच म्हणाले. तेव्हा त्यांच्या घरी टर्नटेबल नव्हता. पुढच्या महिन्यात आमच्याकडूनच नेला, सोबत ही रेकॉर्डही. आपल्याकडे ज्यांचे कान तबल्यावर तयार झालेत, त्यांच्यासाठी हे दार सगळ्यात सोपं, असा आमचा अनुभव आहे.

'अपोकॅलिप्स'ला बहुतेक जण नाकं मुरडतात. ऑर्केस्ट्रा आणि बँड काही ठिकाणी एकमेकांची वाट बघत उभे आहेत असं वाटतं, हे खरं. पण संथ जागा सुंदर आहेत आणि मागणी कमी म्हणून वापरलेली प्रत स्वस्तात मिळते. दोन प्रती सध्या दुकानात आहेत. ऐकून बघा.

'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को'वरून मात्र आम्हाला दर महिन्याला कुणाची तरी चूक दुरुस्त करावी लागते. ५ डिसेंबर १९८०ची ही मैफल. तीन साध्या, बिनविजेच्या गिटार, पाको दे लुसिया, मॅक्लॉफ्लिन आणि अल दि मेओला. पहिल्या तुकड्यावर टाळ्या वाजवून "काय वाजवलंय मॅक्लॉफ्लिनने!" म्हणणारे खूप आहेत. त्या तुकड्यात मॅक्लॉफ्लिन नाहीच, ती पाको आणि दि मेओलाची जुगलबंदी आहे. पुढे तिघे एकत्र आले की पाको डाव्या स्पीकरमधून, दि मेओला उजव्यातून आणि मॅक्लॉफ्लिन मधोमध ऐकू येतो. तुमच्या घरी स्पीकरच्या वायरी उलट जोडलेल्या असतील तर पाकोची दाद दि मेओलाला जाते. वाद घालण्याआधी अँप्लिफायरच्या मागे एकदा बघून घ्या. आणि शेवटचा तुकडा स्टुडिओत केलेला आहे, त्यामुळे तिथे श्रोते अचानक गप्प का झाले असं विचारू नका.

पहिल्या 'शक्ती'च्या रेकॉर्डबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण ती 'खराब निघाली' म्हणून सगळ्यात जास्त परत आणतात. तक्रार ठरलेली: "दुसऱ्या बाजूचा आवाज बारीक येतो." येणारच. ५ जुलै १९७५ला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका कॉलेजात झालेली ही मैफल आहे आणि दुसऱ्या बाजूवर एकच रचना आहे, सुमारे २९ मिनिटांची. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं आरामात बसतात. त्यापुढे गेलं की खाचा एकमेकींच्या जवळ कापाव्या लागतात. मोठा आवाज, त्यातही खर्जाचा, म्हणजे खाचेचं वळण रुंद. जवळजवळ खाचांत रुंद वळणं मावत नाहीत, म्हणून कापतानाच आवाज खाली ठेवतात. तुमची प्रत ठीक आहे. बाजू पलटली की अँप्लिफायरचा आवाज थोडा वाढवा, काम झालं.

एका गृहस्थांनी दुसराच उपाय केला. सुईवर वजन कमी पडतंय असं समजून त्यांनी हेडशेलवर (सुई जिथे बसवतात त्या पुढच्या टोकावर) रुपयाचं नाणं चिकटवलं. बहुतेक कार्ट्रिजना (सुई धरणाऱ्या डबीला) दोन ग्रॅमच्या आसपास वजन लागतं आणि एकटं नाणंच तीन ग्रॅमहून जास्त भरतं. रेकॉर्ड दुकानात आणली तेव्हा दिव्याखाली तिरपी धरल्यावर २९ मिनिटांच्या त्या अख्ख्या बाजूवर करडी झाक दिसत होती आणि घटमच्या प्रत्येक थापेबरोबर खरखर येत होती. ती प्रत गेली. सुईही गेली. कृपा करून नाणं ठेवू नका. टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांडीचं) वजन आमच्या छोट्या काट्यावर मोजून, नीट लावून देतो, आमच्याकडून घेतलेल्या टर्नटेबलला फुकट.

'शक्ती'त मॅक्लॉफ्लिन नेहमीची गिटार वाजवत नाही, हेही 'महाविष्णू'कडून येणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. गिब्सनने बनवून दिलेली ती साधी गिटार आहे, तिच्यावर तिरप्या बसवलेल्या सात तरफेच्या (न छेडता सोबत घुमणाऱ्या) तारा आहेत आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं आहे. त्यामुळे तार दाबून मींड घेता येते. विजेच्या गिटारचा तो जाड, फाटलेला आवाज इथे शोधाल तर निराश व्हाल. सारंगी-सरोद ऐकणाऱ्याला मात्र इथेच घर सापडतं.

एवढं करूनही कुठली घ्यावी हे ठरत नसेल, तर आमच्याकडे एक उपाय आहे आणि तो आम्हाला स्वतःला फार आवडतो. 'लोटस फीट' नावाची मॅक्लॉफ्लिनची एक छोटी, संथ रचना आहे. ती त्याने १९७६च्या 'इनर वर्ल्ड्स'मध्ये 'महाविष्णू'सोबत सिंथेसायझरच्या आवाजात वाजवली, पहिल्या 'शक्ती'त तरफेच्या गिटारवर वाजवली आणि १९९९च्या 'रिमेंबर शक्ती'त हरिप्रसादजींच्या बासरीसोबत वाजवली. सूर तेच, माणूस तोच. तिन्ही ओळीने ऐकायला पाव तासाच्या वरखाली वेळ लागतो. ज्याच्याकडे कान ओढला जाईल, त्याच काळातली रेकॉर्ड घ्या. आमचा कल बासरीवाल्या प्रतीकडे आहे, घरच्यांचा पहिल्या 'शक्ती'कडे, आणि हा वाद घरातही मिटलेला नाही. 'रिमेंबर शक्ती'बद्दल एकच सूचना: ती घाईत ऐकायची गोष्ट नाही. तिच्यातला 'मुक्ती' हा एकच तुकडा तासाहून मोठा आहे.

मुंबईच्या दोन गोष्टी ग्राहक विसरतात, म्हणून आम्ही आठवण करतो. मुंबईच्या शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तालवाद्यांवर असलेली 'लाइव्ह अॅट द रॉयल फेस्टिव्हल हॉल', आणि डिसेंबर २०००मध्ये मुंबईतच रेकॉर्ड झालेली 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे', जिच्यात शिवकुमार शर्मांच्या संतूरसोबतचा लांब तुकडा आहे. ही दुसरी आमच्याकडे सीडीवर मिळेल. सीडी म्हणून तिला कमी लेखू नका.

ऑर्डर देताना बँडचं नाव, वर्ष, आणि एलपी हवी की सीडी, एवढं लिहून द्या किंवा कव्हरचा फोटो पाठवा. परदेशी मालाला निम्मी रक्कम आगाऊ घेतो. माल यायला चार ते सहा आठवडे धरा. वापरलेल्या प्रती धुऊन, दोन्ही बाजू पूर्ण वाजवूनच विकायला ठेवतो, ओरखडा असेल तर कव्हरवर पेन्सिलने मिनिट लिहिलेलं असतं. ऐकायची खुर्ची सोमवार सोडून रोज दुपारी चार ते आठ मोकळी असते. 'लोटस फीट'च्या तिन्ही प्रती तिच्या शेजारच्या खणात, डावीकडून वर्षाप्रमाणे लावलेल्या आहेत.