अठराखालची मुलगी, गर्भनिरोधक आणि गर्भपात : सही कुणाची लागते?

वय 18 पूर्ण असेल तर गोळ्या असोत की गर्भपात, मुलीची स्वतःची संमती पुरते. आईबापाची नाही, नवऱ्याचीही सही लागत नाही. अडतं ते अठराच्या आतल्या मुलींचं.

सल्ल्यासाठी सरकारी दवाखान्यातलं मैत्री क्लिनिक आहे, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठीच. तातडीची गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम) मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते. तिचे 72 तास संबंधापासून मोजायचे, पाळीच्या तारखेपासून नाही. दिवस राहिले असतील तर तिचा काही उपयोग होत नाही. पाळी चुकल्यावर ती घेऊन वाट बघत बसलं की मोलाचे आठवडे हातचे जातात.

गर्भपातासाठी मात्र पालकाची लेखी संमती हवी, फॉर्म सी वर. इथंच मुली परत पाठवल्या जातात : "आईवडिलांना घेऊन या." आईवडील ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे हंगाम संपल्याशिवाय, यायचे नाहीत. 1971 च्या गर्भपात कायद्यात पालक म्हणजे अल्पवयीन मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. मुलगी गावी आजीजवळ राहत असेल तर आजीची सही चालते, लिहिता येत नसेल तर अंगठाही. मामा सांभाळत असेल तर मामाची. हे काउंटरवर ठामपणे सांगा.

दुसरी भीती पोलिसांची. मुलगी अठराखालची असली की पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 प्रमाणे डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 29 सप्टेंबर 2022 च्या निकालानुसार, मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर डॉक्टरांनी तिचं नाव, ओळख कळवायची गरज नाही. ही विनंती आपण करायची असते, ती सुरुवातीलाच करा. "आधी एफआयआर आणा" ही अट कायद्यात कुठेही नाही. या भीतीपोटी कुणा बोगस डॉक्टरकडे पिशवी साफ करायला नेऊ नका, पोरीच्या जिवावर बेततं.

लग्न झालंय म्हणून सतरा वर्षांची मुलगी सज्ञान होत नाही. "एकोणीस लिहा" असं सांगू नका. पुढं शाळेचा दाखला निघतो, वय जुळत नाही आणि सगळं अडकतं.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकून दोन महिने झाले म्हणजे आठ नव्हे, बाराएक आठवडे. 20 पर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 मध्ये दोघांचं. अल्पवयीन मुलींना ही 24 ची मुदत आहे. त्यापुढं जिवाला धोका किंवा गर्भात गंभीर व्यंग नसेल तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अर्ज करावा लागतो, आणि तिथंही आठवडे थांबत नाहीत.

नकार मिळाला तर कारण केसपेपरवर लिहून मागा आणि तोच कागद घेऊन त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटा.