इन्स्टा सोडायचंय, पण एकट्यानं?

सोलापुरात पार्क चौकात संध्याकाळी उभ्या असलेल्या पोरांच्या गप्पांत एक वाक्य हल्ली हमखास ऐकू येतं, "इन्स्टा डिलीटच मारतो बे आता." त्यावर मित्राचं उत्तरही ठरलेलं असतं, "मार की, कोण अडवलंय?" दोन दिवसांनी तोच पोरगा पुन्हा स्टोरी टाकतो आणि आपण त्याला कच्च्या मनाचा ठरवून मोकळे होतो. पण अडवलेलं असतं हे खरंच आहे. फक्त ते कुणा एकानं नव्हे, सगळ्यांनी मिळून अडवलेलं असतं, आणि तेही नकळत.

शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ लिओनार्डो बर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजाराहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांना याच संदर्भात पैशांत उत्तर मागितलं. पहिला प्रश्न सरळ होता. बाकी सगळे चालू ठेवणार, तुम्ही एकट्यानं चार आठवडे खातं बंद ठेवायचं, तर किती पैसे घ्याल? टिकटॉकसाठी सरासरी ५९ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी ४७ डॉलर, असं उत्तर आलं. म्हणजे या गोष्टी पोरांना मोलाच्या वाटतात, असा निष्कर्ष कुणीही काढेल. मग दुसरा प्रश्न आला. तुमच्याबरोबर तुमच्या कॉलेजातल्या इतरांचंही खातं बंद होणार असेल, तर? आता आकड्याचं चिन्हच उलटलं. पैसे घेण्याऐवजी पोरं पदरचे पैसे द्यायला तयार झाली, टिकटॉकसाठी सरासरी २८ डॉलर आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर.

ॲप तेच आणि पोरंही तीच. मग ५९ डॉलर मागितले ते कशाचे? व्हिडिओ बघण्याच्या आनंदाचे नक्कीच नव्हेत, नाहीतर तो आनंद सगळ्यांबरोबर सोडतानाही त्याची भरपाई मागितली असती. ते होते एकटं बाहेर राहण्याचे. वर्गात कशावर हसताहेत ते कळत नाही, कोण कुठे गेलंय ते कळत नाही, बोलावणं येत नाही, याची ती किंमत. संशोधक याला सामूहिक सापळा म्हणतात. आपल्याकडे लग्नातल्या आहेराचं असंच होतं. देणाऱ्याला नको असतो, घेणाऱ्याला ठेवायला जागा नसते, पण एकट्यानं बंद करायचा म्हटलं की चारचौघांत नाक जातं. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापलं की मात्र सगळे एकदम सुटतात.

सोडायचं की नाही हे ठरवताना म्हणूनच स्वतःच्या निश्चयाची परीक्षा घेण्याआधी आपल्या ओळखींचा नकाशा तपासावा, असं मला वाटतं. त्यासाठी एका मेलेल्या साईटचा अभ्यास कामाला येतो.

फ्रेंडस्टर ही साईट २००२ साली सुरू झाली, फेसबुकच्याही आधी, आणि सोशल नेटवर्क म्हणून २०११ मध्ये संपली. लाखो लोक एकमेकांना जोडलेले असताना ती ओस कशी पडली? झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या डेव्हिड गार्सिया आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिचं चक्क शवविच्छेदन केलं. त्यांची मांडणी अशी : माणूस साईटवर टिकतो तो तिथे त्याचे पुरेसे मित्र जागे असतील तोवर. समजा ही गरज तीन मित्रांची आहे. ज्यांना दोनच मित्र आहेत, ते आधी जातात. ते गेल्यामुळे आणखी कुणाचे तरी चाराचे दोन होतात, मग तोही जातो. त्याच्यामागून आणखी काही. ही गळती कुठे थांबेल? एकमेकांना घट्ट धरून असलेला गाभा लागला तर तिथे, नाहीतर सगळं रिकामं होईपर्यंत. यातून निघणारी गोष्ट थोडी विचित्र आहे. तुमचे मित्र किती, याला फारसा अर्थ नाही; त्या मित्रांना आपसांत किती मित्र आहेत, यावर सगळं ठरतं. शंभर मित्र असलेला माणूसही काठावर असू शकतो, जर ते शंभर जण एकेक धाग्यानंच लटकलेले असतील तर.

आता हा हिशोब आपल्या फोनवर करून बघा. फॉलोअर पाचशे असतील, पण गेल्या महिन्यात ज्यांच्याशी दोन वाक्यं तरी बोलणं झालं, ते किती? बहुतेकांची गाडी दहा-पंधरावर थांबते. त्यांतले किती जण एकमेकांना ओळखतात? जुळे सोलापुरातली एकाच बिल्डिंगमधली पाच पोरं असतील, तर तुमचा गाभा पाच जणांचा आहे, आणि तो अख्खा गाभा एका संध्याकाळी कट्ट्यावर बसून बाहेर पडायचं ठरवू शकतो. पाचशे जणांची परवानगी लागत नाही.

नवी पेठेतल्या चादर-टॉवेलच्या दुकानदाराचं गणित मात्र वेगळं. तो शटरला जकार्ड चादर टांगतो, उजेडाकडे तोंड करून फोटो काढतो, एक कोपरा उलटा करून वीण दाखवतो आणि टाकतो. तासाभरात परगावाहून कुणीतरी विचारतं, "डबलचा काय भाव?" हे विचारणारे एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना कट्ट्यावर बसवून काही ठरवता येत नाही. अशा माणसाला 'मनःशांतीसाठी सोडून द्या' सांगणं म्हणजे दुकान चौकातून उचलून बोळात न्यायला सांगणं. त्यानं धंद्याचं खातं ठेवावं आणि रात्री अकराला रील बघत पडणं तेवढं थांबवावं. दोन्ही गोष्टी एकाच ॲपमध्ये असल्या, तरी त्या एक नाहीत.

पाण्याचे मेसेज येतात तो गल्लीचा ग्रुपही याच जातीचा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात "उद्या पहाटे येणार" ही ओळ चुकली तर बॅरल रिकामं राहतं. तो ग्रुप सोडू नये, हे सांगायला संशोधन लागत नाही.

बरं, सोडल्यावर होतं काय? यावरचा गाजलेला प्रयोग अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी झाला. हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी सुमारे २,७०० फेसबुक वापरणाऱ्यांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एका गटाला पैसे देऊन चार आठवडे खातं बंद ठेवायला लावलं. त्यांचा दिवसाला सरासरी एक तास मोकळा झाला. तो तास दुसऱ्या ॲपवर गेला नाही. काही वेळ टीव्हीपुढे गेला, काही घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर. मन थोडं हलकं झालं. थोडंच, हे मुद्दाम सांगतो, कारण 'फोन सोडला आणि आयुष्य बदललं' छापाची भाषणं ऐकून जाणारा माणूस आठवड्यात निराश होऊन परत येतो. राजकीय टोकाची मतं जराशी निवळली. पण बातम्यांची माहितीही कमी झाली, हा तोटा पदरात पडलाच. मला सगळ्यांत बोलका वाटतो तो पुढचा भाग. महिना संपल्यावर, कुणीही पैसे देत नसताना, हे लोक फेसबुक आधीपेक्षा कमी वापरत राहिले. शिवाय पुन्हा महिनाभर बंद ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी आधीपेक्षा कमी पैसे मागितले. न सोडता केलेला अंदाज फुगलेला असतो, असा याचा एक अर्थ निघतो.

एकत्र सोडलं की प्रश्न मिटला, असंही नाही. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि सगळे एकाच वेळी बाहेर पडले. सापळा तुटायला यापेक्षा चांगली संधी कुठली? पण दीड आठवड्याच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणली आणि पोरं तिकडे वळली. बंदीनं ॲप गेलं. मोकळा झालेला तास कुठे जाणार, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं.

करून बघायचं असेल तर खातं एकदम उडवू नका, 'डीॲक्टिव्हेट' करा. त्यात फोटो, ओळखी जागच्या जागी राहतात. कायमचं डिलीट केलं तरी फेसबुक-इन्स्टाग्राम ३० दिवस परतीची वाट उघडी ठेवतात, त्यानंतर मात्र गेलं ते गेलं. म्हणून त्याआधी सेटिंगमधून आपले फोटो उतरवून घ्यावेत. चार आठवडे धरा, कारण वर सांगितलेला प्रयोग तेवढ्याच मुदतीचा होता. गाभ्यातल्या चौघा-पाच जणांना आधी सांगा, जमल्यास त्यांनाही ओढा. आणि मुहूर्त बघून करा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत सुरुवात केली तर कोण कुठे भेटणार हेच कळणार नाही आणि तिसऱ्या दिवशी खातं परत चालू होईल. शाळेचे युनिफॉर्म शिवून विकणाऱ्यांनी तर मे-जूनमध्ये या फंदात पडूच नये. त्यांना दिवाळीनंतरचा महिना बरा.