घामाचं वजन

भाचीने मे महिन्यात अंधेरीला हॉट योगाचा, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीत दीड तास आसनं करण्याचा, क्लास लावला. पहिल्याच दिवशी तिचे दोन फोटो आले. एकात वजनकाटा, क्लासच्या आधीपेक्षा ९०० ग्रॅम कमी. दुसऱ्यात मनगटावरचं घड्याळ, ६२० कॅलरी. खाली प्रश्न : "मावशी, अशाने महिन्याला किती उतरेल गं?" दोन्ही यंत्रांनी आपापलं मोजमाप केलं होतं, पण त्या आकड्यांचा अर्थ तिने लावला तो नव्हता. तिला नीट उत्तर द्यायचं म्हणून वाचत आणि आकडेमोड करत गेले, ते इथे मांडते.

आधी काटा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. ९०० ग्रॅम चरबी खर्च करायची तर दीड तासात सात हजारांच्या आसपास कॅलरी जाळाव्या लागतील. अख्खी मॅरेथॉन पळणारा माणूससुद्धा याच्या निम्म्याहून कमी जाळतो. तेव्हा भाचीचे ९०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी. ते रात्रीपर्यंत ताक, आमटी, पाणी यांतून परत येतं आणि यायलाच हवं. काट्यावरचा आकडा टिकावा म्हणून पाणी न पिणाऱ्या मुली मला माहीत आहेत, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

यावर भाचीची शंका चांगली होती : "पण एवढा घाम काढायला शरीराला शक्ती लागतच असेल ना?" लागते, पण अगदी थोडी. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. हा आकडा पाहून गफलत होते. ही उष्णता काही चरबी जाळून मुद्दाम तयार केलेली नसते. हालचालीतून निर्माण झालेली आणि खोलीतल्या हवेने अंगावर लादलेली उष्णता घाम फक्त बाहेर काढतो. ओल्या माठातलं पाणी गार होतं, तेव्हा माठाने काही व्यायाम केलेला नसतो.

आता घड्याळ. हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. गरम खोलीत रक्ताला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात : स्नायूंना प्राणवायू पोचवायचा आणि आतली उष्णता त्वचेपर्यंत आणून सोडायची. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बरंच रक्त तिकडे वळतं. घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटल्यामुळे एका ठोक्याला कमी रक्त पुढे ढकललं जातं, आणि ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढतं. स्नायूंचं काम मात्र तेवढंच राहतं. घड्याळ कॅलरींचा अंदाज बऱ्याच अंशी ठोक्यांवरूनच बांधतं. उकाड्याने वाढलेले ठोके आणि मेहनतीने वाढलेले ठोके त्याला वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून ते ६२० दाखवतं.

खरा खर्च मोजायचा तर श्वासातला प्राणवायू मोजावा लागतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात तो मोजला गेला. ४० अंशांच्या वर तापवलेल्या खोलीत २६ आसनांचा दीड तासाचा क्लास, त्यात पुरुषांचा सरासरी खर्च सुमारे ४६० कॅलरी आणि स्त्रियांचा ३३० निघाला. तेवढा वेळ झपझप चाललं तरी साधारण इतकाच खर्च होतो. नुसतं बसून राहिलो असतो तरी झाला असता, तो खर्चही यातच आला. तो वजा केला तर भाचीच्या वाट्याला अडीचशेच्या आतबाहेर उरतात. क्लासनंतर एक वडापाव खाल्ला की तेवढे भरून निघाले.

तिथल्याच संशोधकांनी तरुण, निरोगी मंडळींकडून आठ आठवड्यांत असे २४ क्लास करवून घेतले होते. लवचिकता चांगली वाढली, पाठ आणि पायांची ताकद थोडी वाढली, चरबी किंचित घटली. दमसास मात्र होता तिथेच राहिला. धावण्या-पोहण्याने फुप्फुसं आणि हृदय यांची जी क्षमता वाढते, ती इथे वाढली नाही, ठोके एवढे चढूनही.

मग गरमीचा स्वतःचा वाटा किती? टेक्सास स्टेट विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग थेट याच प्रश्नावर आहे. बैठी जीवनशैली असलेल्या, चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांनी १२ आठवडे तीच आसनं केली, काहींनी तापवलेल्या खोलीत आणि काहींनी साध्या. रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच सुधारली. हा फायदा आसनांनी दिला होता.

हा प्रकार जगभर नेला विक्रम चौधरी यांनी, आणि ते मूळचे कोलकात्याचे. थंड देशांत कोलकात्यासारखी हवा हवी म्हणून खोलीत हीटर आले, असं सांगितलं जातं. मुंबईत ती हवा आपल्याला आयतीच मिळते. त्या पद्धतीत ४०.५ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता ठरलेली आहे. गणित केलं तर अशा एक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम बाष्प असतं. मेमधल्या मुंबईच्या दुपारी, ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर बाष्प भरतं सुमारे २५ ग्रॅम! दादरच्या पुलावर अंगाला चिकटलेला कुडता वाळत का नाही, ते या आकड्यात आहे. स्टुडिओतली हवा त्वचेपेक्षा गरम असते, त्यामुळे तिथला ताण निराळा आणि जास्तच. त्यात आपली दमट हवा बंद खोलीत तापवली आणि वीस जणांच्या घामाची वाफ तिच्यात मिसळली, की आर्द्रता ४० टक्क्यांवर थांबत नाही. घाम वाळण्याऐवजी मॅटवर टपटपतो. जो थेंब न वाळता खाली पडला, त्याने अंग जराही गार केलं नाही. पाणी तेवढं गेलं.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस केंद्रात अशा क्लासमध्ये शरीराच्या आतलं तापमान मोजलं गेलं. काहींचं ३९.४ अंशांच्या वर गेलं, एकाचं तर ४० च्या पुढे. उष्माघाताची चर्चा डॉक्टर तिथूनच सुरू करतात. म्हणून गरोदर बायका, हृदयविकार असलेले, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे आणि पूर्वी उष्माघात झालेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. डोकं ठणकणं, मळमळ, उकाड्यातही अंगावर शहारे येणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही जाणवलं तर त्या क्षणी बाहेर पडायचं. काही ठिकाणी खोली न सोडण्याचा आग्रह धरतात. तो मला धोक्याचा वाटतो आणि कोणीही मानू नये.

हठयोगाच्या जुन्या परंपरेत प्राणायामात आलेला घाम अंगाला चोळायला सांगितलं आहे. तिथे घामासाठी शब्द आहे 'श्रमजात' जल, श्रमातून जन्मलेलं पाणी. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून या शहरात योग शिकवते आहे, आणि भट्टी न पेटवताही तिथे पिढ्या तयार झाल्या.

तरीही मी भाचीला क्लास सोड म्हणाले नाही. ऊब मिळाली की स्नायू आणि त्यांना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या सैलावतात, दिवसभर लॅपटॉपसमोर आखडलेले खांदे मोकळे होतात, आणि हे सुख तिला मनापासून आवडतं. फक्त त्या सैलपणात आपण रोजच्यापेक्षा पुढे ताणतो आणि दुखणं उशिरा कळतं. म्हणून, थंड खोलीत जिथपर्यंत पोचतेस त्याच्या फार पुढे जाऊ नकोस, एवढं बजावलं. क्लास आता फक्त शनिवारी असतो. इतर दिवशी ती पहाटे जुहूच्या वाळूवर चालते, दम लागेल इतकी. घड्याळाचे फोटो यायचे थांबलेत. गेल्या शनिवारी आला तो पश्चिमोत्तानासनाचा : हातांची बोटं पहिल्यांदाच पायांच्या अंगठ्यांना टेकलेली.